सुंगटाइतकं आरपार

गोव्यात यांत्रिक मासेमारी १ जूनला बंद होते, ती ३१ जुलैपर्यंत. गरीवाल्यांना, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांना, ही बंदी लागू नाही, पण समुद्र ती लागू करतोच. केरी-हरमलच्या खडपांवर त्या दिवसांत उभं राहणं म्हणजे लाटेच्या हाती जीव देणं. शापोरा नदीचं तर विचारू नये. वर महाराष्ट्रात तिलाच तिळारी म्हणतात, आणि त्या सगळ्या खोऱ्याची माती घेऊन ती मोरजीशी येते. पाणी इतकं लाल की स्वतःच्या पायाची बोटं दिसत नाहीत. साहजिकच पेडण्याकडच्या गरवणाऱ्या माणसाचा लुअर बनवायचा हंगाम हाच. दार लावून घ्यायचं, टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरायचं आणि कोरत बसायचं.

आणि नेमके हेच दोन महिने एपॉक्सी रेझिनला, म्हणजे हार्डनर मिसळला की काचेसारखं घट्ट होणाऱ्या द्रवाला, सोसत नाहीत.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लुअर म्हणजे खोटा मासा. गरीला जिवंत आमिष न लावता लाकडाचा, प्लास्टिकचा किंवा रेझिनचा तुकडा पाण्यातून असा ओढायचा की मोठ्या माशाला तो खाणं वाटावा. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली असा मासा बुचाच्या लाकडातून कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा पारदर्शक थर दिला. आज त्यांच्या नावाची कंपनी जगभर आहे, पण मला त्या निगेटिव्हचं जास्त अप्रूप वाटतं. आतली चमक दिसली पाहिजे आणि पाणी आत शिरता कामा नये, ही गरज पहिल्या दिवसापासूनची आहे. त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां दातांच्या कवळ्यांसाठी जे रसायन जुळवत होते, त्यातून पुढे एपॉक्सी आलं. कवळीसाठी निघालेली वस्तू आज माशांच्या दातांखाली जाते.

नुसता वरचा थर देणं तसं सोपं. अख्खा लुअरच आरपार ओतायचा म्हटलं की गोष्ट बदलते. मला तो आरपार हवा, कारण चोणकाला, खाडीतल्या त्या मोठ्या शिकारी माशाला, सुंगटं म्हणजे कोळंबी आवडते. जिवंत सुंगट बादलीतून ओंजळीत घेऊन पाहा. त्याचं अंग जवळजवळ नसतंच. दोन काळे डोळे, पाठीतून गेलेली एक काळपट रेघ आणि पायांची लगबग, एवढंच काय ते दिसतं. रंग लावून हे साधत नाही. रंग कितीही फिका दिला तरी तो रंगच राहतो. त्यामुळे साचा आणि पारदर्शक रेझिन, दुसरा मार्ग नाही.

रेझिनचा तुकडा साच्यातून काढला की बहुतेक जण बुडबुडे मोजतात. मला वाटतं, किती आहेत यापेक्षा कुठे आहेत ते आधी पाहावं. प्रत्येक बुडबुडा आपण कुठून आलो ते सांगत असतो.

अंगभर सारखे पसरलेले, टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे हे ढवळण्याचे. आइस्क्रीमच्या काडीने ताक घुसळल्याचा उत्साह इथे कामाचा नाही. काडी तळाला टेकवून सावकाश फिरवायची, पेल्याच्या कडा खरवडायच्या, मग सगळं मिश्रण दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून पुन्हा ढवळायचं. पेला बदलायचा कारण पहिल्या पेल्याच्या कडेला आणि तळाला अर्धवट मिसळलेलं रेझिन चिकटून राहतं, आणि ते साच्यात गेलं की आत धुरकट वळसे दिसतात. पुष्कळ लोक त्या वळशांना ओलावा समजतात. ओलाव्याचं धुकं सरसकट असतं, तर न मिसळलेल्या रेझिनचे पदर दिसतात. ओतताना हात जरा उंच धरून बारीक धार सोडली की त्या धारेत बरेच बुडबुडे ताणून फुटतात. थंडीच्या देशांत रेझिनची बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करायला सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात तो सल्ला ऐकू नये. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. बाटलीवर २५ अंशांला ४० मिनिटं हाताळता येईल असं छापलेलं रेझिन मांद्र्याच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या छपराखाली, २० मिनिटांत पेल्यातच घट्ट व्हायला लागतं. आणि पेल्यात ढीग करून ठेवलं तर त्याहूनही लवकर. रेझिन घट्ट होताना उष्णता सोडतं, ढिगात ती उष्णता अडकते, त्याने क्रिया आणखी वाढते. जाड डोक्याच्या लुअरला आतून तडे जातात आणि मध्यभाग पिवळट पडतो त्याचं कारण हेच. सावकाश घट्ट होणारं, खास ओतकामाचं रेझिन घ्यावं, नाहीतर दोन टप्प्यांत ओतावं. पहिला थर बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, त्या अवस्थेत दुसरा ओतला तर सांधा दिसत नाही.

मोठे, मोजके आणि एकाच रेषेत बसलेले बुडबुडे साच्याचे. सुंगटाला शेपटीची पाती, पाय, डोक्यावरचा काटा, अशा अनेक कोनाड्यांत हवा अडकते आणि रेझिन खालून चढत येताना तिला निघायला वाट नसते. इथे कितीही ढवळा, फरक पडत नाही. साचा कलता ठेवायचा, ज्या टोकाला हवा जमते तिथे बारीक भोक पाडून वाट द्यायची, आणि ओतायच्या आधी कोनाड्यांतून ब्रशने रेझिन फिरवून घ्यायचं. ओतायचं तोंड मोठं ठेवलं तर रेझिन आक्रसताना तिथून खाली उतरतं. साचा सिलिकॉनचाच बरा. फक्त प्लॅटिनम जातीचं सिलिकॉन असेल तर मूळ नमुना गंधक असलेल्या मातीचा करू नये. मूर्तिकामाच्या कित्येक तयार मातींत गंधक असतं, आणि त्याला टेकलेलं सिलिकॉन चिकटच राहतं. आणखी एक: सिलिकॉन नमुन्याची जशीच्या तशी नक्कल करतं. नमुना खरखरीत असेल तर रेझिन कितीही शुद्ध असू दे, लुअर घासलेल्या काचेचा निघतो. पाण्यात बुडवल्यावर तो आरपार झाला तर समजायचं की दोष आत नाही, कातडीवर आहे. पॉलिश पेपर ४०० पासून २००० पर्यंत ओला करून फिरवायचा, किंवा सरळ रेझिनचा एक पातळ हात द्यायचा. रेघा भरून येतात.

एकाच जागेतून साखळी निघून वर गेलेली दिसली तर आत लाकूड आहे आणि ते श्वास सोडतंय. हलकेपणासाठी आत पांगाऱ्याचा गाभा घालतात. लाकडात हवा असते, रेझिन तापलं की ती फुगते आणि बाहेर पडते, अगदी रेझिन घट्ट होईपर्यंत. गाभ्याला आधी पातळ रेझिनने बंद करून टाकायचं. ते करतानाची एक युक्ती मला फार आवडते: लाकूड उन्हात तापवायचं आणि सावलीत निवत असताना हात द्यायचा. निवताना आतली हवा आक्रसते आणि रेझिनला स्वतःच आत ओढून घेते.

चौथा प्रकार बुडबुडा नसतोच. चमकत्या पन्नीवर चपटा रुपेरी डाग दिसतो, टोकदार सुईने फोडावासा वाटतो. तिथे रेझिन पन्नीला टेकलेलंच नाही, मध्ये हवेचा पापुद्रा राहिला आहे. पन्नी साच्यात ठेवण्याआधी ब्रशने रेझिन लावून ओली केली की हा डाग येत नाही. हाच डाग वायरच्या भोवती दिसला तर मात्र मी लुअर बाजूला काढतो. त्याबद्दल पुढे.

यंत्रं हवीत का, असा प्रश्न येतोच. निर्वात भांड्यात रेझिन ठेवलं की ते दूध उतू जावं तसं फसफसत वर येतं, म्हणून पेला चौपट-पाचपट मोठा घ्यावा लागतो, आणि मग फेस एकदम बसतो. प्रेशर पॉटचं तत्त्व उलट आहे. त्यात बुडबुडे बाहेर काढत नाहीत, दाबून लहान करतात आणि तसेच घट्ट होऊ देतात. पण इथे हिशेब नीट करावा. ३ बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण तिप्पट, जादा दाब दिला म्हणजे एकूण दाब चौपट झाला, बुडबुड्याचं आकारमान एक चतुर्थांश झालं. व्यास मात्र घनमुळाने घटतो. १ मिलिमीटरचा बुडबुडा ०.६ मिलिमीटरचा होतो, नाहीसा होत नाही. बारीक असतात ते दिसेनासे होतात आणि काही हवा रेझिनमध्ये विरघळते, म्हणून निकाल छान दिसतो, पण कोनाड्यातल्या मोठ्या बुडबुड्याला त्याने काही होत नाही. शिवाय साच्याच्या सिलिकॉनमध्येच हवेचे कण असतील तर दाबाखाली तेही चेपतात आणि लुअरला पुळ्या येतात. माझ्यापुरतं सांगायचं तर साचा कलता ठेवण्याने जे साधतं त्यासाठी कॉम्प्रेसर विकत घेणं मला पटत नाही. आणि स्वयंपाकघरातला कुकर या कामाला वापरणाऱ्याला माझा नमस्कार, लांबून.

आता आमच्याकडचा सगळ्यात मोठा घोळ. किनाऱ्यावरच्या लाकडी होड्यांची जागा फायबरने घेतल्यापासून प्रत्येक मासेमारी गावात रेझिन कळणारा एक तरी माणूस आहे. होडीची भोकं बुजवणारा, उत्तम हात असलेला. लुअर दुसऱ्या दिवशीही चिकट राहिला की आपण त्याच्याकडे जातो आणि तो म्हणतो, "अरे, एक थेंबो चड घाल, बेगीन सुकतलें." (एक थेंब जास्त घाल, लवकर सुकेल.) त्याचं बरोबर आहे, त्याच्या रेझिनपुरतं. होडीचं रेझिन पॉलिएस्टर. त्यात घालतात तो द्रव शंभराला एक-दोन भाग पडतो आणि फक्त क्रिया सुरू करून देतो, म्हणून हवामान बघून थोडा कमी-जास्त चालतो. एपॉक्सीचा हार्डनर क्रिया सुरू करणारा नसून बांधकामातला अर्धा भागीदार आहे. त्याचा प्रत्येक कण रेझिनच्या कणाशी जोडला जायला हवा. एक थेंब जास्त घातला तर त्या थेंबाला जोडीदार मिळत नाही आणि तो आत तसाच राहतो. लुअर लवकर सुकत नाही, कायमचा मऊ राहतो.

प्रमाण चुकण्याचं दुसरं कारण काटा. बाटलीवर २:१ लिहिलेलं असतं ते बहुधा आकारमानाने. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे काट्यावर मोजायचं झालं तर १०० ग्रॅमला ५० नव्हे, ४२-४३ च्या आसपास पडतो. नेमका आकडा त्या-त्या मालावर छापलेला असतो तोच घ्यावा. वीस-पंचवीस ग्रॅमच्या लुअरला एका ग्रॅमची चूकही मोठी असते, म्हणून सोनाराकडे असतो तसा दशांश दाखवणारा काटा हाच या छंदातला खरा खर्च.

पॉलिएस्टरचा विषय निघालाच आहे तर: त्याचा वरचा थर चिकट राहतो तो प्रमाण चुकल्याने नव्हे. हवेतला ऑक्सिजन त्याची क्रिया अडवतो. वर प्लास्टिकचा कागद ताणून ठेवला की काम होतं. आणि पॉलिएस्टरला वेग देणारं कोबाल्ट व त्याची क्रिया सुरू करणारा तो द्रव हे दोन एकमेकांत थेट कधीच मिसळू नयेत, पेट घेतात. फायबरवाल्याला हे माहीत असतं. त्याच्याकडून बाटल्या उसन्या आणणाऱ्याला नसतं.

एवढं सांभाळूनही जुलैत लुअरवर मेणचट, पांढुरकी साय येते. बोट फिरवलं की बुळबुळीत लागते. हार्डनरमधली अमाइन नावाची द्रव्यं हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जमवून घेतात, त्याची ही साय. रंगकामात एक नियम पाळतात: ज्यावर थर द्यायचा ते दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवं. जुलैच्या रात्री हवा २५ अंश आणि आर्द्रता नव्वदीला टेकलेली असताना दवबिंदू २३ च्या वर असतो. म्हणजे नियम पाळायला जागाच उरत नाही. यावर गोव्यातल्या घराघरांत उपाय तयार आहे. पावसाळ्यात कॅमेरे आणि चामड्याचे बूट बुरशीपासून वाचवायला कपाटात बल्ब लावतात, तसंच एक फळ्यांचं खोकं करायचं आणि आत साधा तारेचा ४० किंवा ६० वॅटचा बल्ब. एलईडी चालत नाही, तो पुरेसा तापत नाही. साय आलीच तर कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या काथ्याने धुऊन काढायची, ती पाण्यात विरघळते. आधी पॉलिश पेपर फिरवला तर ती पसरते, आणि तिच्यावर दिलेला दुसरा हात पापुद्र्यासारखा सुटतो. हातमोजे नायट्रिलचे घालावेत. एपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जात नाही, आणि थिनरने हात धुणं म्हणजे तेच रसायन कातडीत मुरवणं.

वर मी वायरबद्दल पुढे सांगतो म्हटलं. लुअरच्या आत नाकापासून शेपटीपर्यंत स्टीलची एकसंध वायर असते. गऱ्या तिलाच अडकतात, दोरीही तिलाच. चोणक तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत खेचतो, आणि मग मान झटकतो. त्या झटक्यात वायरभोवती हवेचा पापुद्रा असेल तर ती आत फिरते, मग रेझिनला तडा जातो, मग खारं पाणी शिरतं. म्हणून वायरला साच्यात ठेवण्याआधी नागमोडी वाक द्यायचे आणि खरखरीत कागदाने घासून घ्यायचं. तयार लुअर नाकाने टांगून शेपटीला दहा किलोचं वजन लावून पाहायचं. हा एक दोष असा की त्याला माफी नाही.

दुसरा तसा दोष वजनाचा. एपॉक्सी पाण्यापेक्षा जड, घनता साधारण १.१ ते १.२. म्हणजे भरीव आरपार लुअर बुडणारच. तरंगता हवा असेल तर काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळतात, पण त्याने तो पांढरट होतो आणि आरपारपणाचा प्रश्नच मिटतो. नाहीतर आत पोकळी ठेवायची. २० घनसेंटीमीटरच्या लुअरमध्ये २२ ग्रॅम रेझिन, ५ ग्रॅम गऱ्या आणि कड्या, तर तो तरंगायला निदान ६ घनसेंटीमीटर तरी पोकळी हवी. दुकानातले आरपार लुअर दोन पातळ करवंट्या जोडून पोकळ केलेले असतात ते याचसाठी. शिवाय पाणी कुठलं, हाही प्रश्न. बादलीतल्या नळाच्या पाण्यात अधांतरी राहील असा बेतलेला हाच लुअर समुद्रात अर्धा ग्रॅम हलका ठरतो आणि वर येतो. शापोऱ्याच्या मुखाशी जुलैत जवळपास गोडं पाणी असतं आणि डिसेंबरात खारं. एकच लुअर दोन्हीकडे सारखा चालेल ही अपेक्षा सोडावी. सुंगटाचा लुअर मी बुडणाराच करतो. खरं सुंगटही तळाशीच वावरतं.

बाकी दोष कोणाच्या डोळ्यांना दिसतात, हा विचार करण्यासारखा आहे. जिवंत सुंगट पुन्हा हातात घ्या. ते पूर्ण स्वच्छ नसतंच. त्याच्या अंगात दुधाळ झाक असते, मेलं की ती वाढत जाते. डोक्यात हवेचे चार बारीक कण राहिलेला, किंचित धुकट उतरलेला लुअर मला पूर्वी टाकाऊ वाटला असता, आता वाटत नाही. उजेड त्या कणांवर मोडतो आणि अंग जिवंत वाटतं. दिव्याखाली फोटो काढून मित्रांना पाठवायला स्वच्छ लुअर छान. चोणकाने फोटो मागितल्याचं ऐकिवात नाही. खाजनाच्या, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेताच्या, मानशीपाशी (पाणी सोडायच्या दारापाशी) ओहोटीला दार उघडतं, पाण्याच्या लोटाबरोबर सुंगटं बाहेर पडतात आणि चोणक बाहेर दाराकडे तोंड करून थांबलेला असतो, तिथे तो काही क्षणांत ठरवतो. त्याला आकार, चाल आणि झटका दिसतो. (मानशीवर मात्र कोणीही जाऊन गरी टाकू नये. तिथल्या मासेमारीचा लिलाव होतो आणि घेणाऱ्याने पैसे मोजलेले असतात.)

आणि आरपार लुअरला पाणीही आरपार लागतं. पावसाळी गढूळ पाण्यात तो कोणालाच दिसत नाही, माशालाही नाही. दसरा-दिवाळीनंतर नदी निवळू लागते, थंडीत केरीच्या खडपांवर तळ दिसतो, तेव्हा त्याचं काम. तोवर चोणकासाठी पिवळा जर्द रंग दिलेलं लाकूड बरं, आणि त्यावर रेझिनचा एकच हात, बल्बच्या खोक्यात सुकवलेला.